मिस्त्री म्हणतात वीस-पन्नास, मित्र म्हणतो झिरो-ट्वेंटी

प्रश्न : नमस्कार. गेल्या दिवाळीत मी सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस घेतली. २०१८ चं मॉडेल, २.० टीएसआय, २३० पीएस, ५२ हजार किलोमीटर रनिंग. आधीच्या मालकानं स्टेज वन रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करून घेतलाय. रोजचं जाणं-येणं कोल्हापुरातच, घर ते ऑफिस चार किलोमीटर. महिन्यातून एखाद्या वेळी आजरा-आंबोलीवरून गोवा, आणि येत्या हिवाळ्यात कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर ट्रॅक डेला जायचं मनात आहे. आता ऑइल बदलायला आलं आणि घोळ सुरू झाला. उद्यमनगरातले आमचे मिस्त्री वडिलांच्या काळापासूनचे. ते म्हणतात, "आपल्याकडच्या उन्हात एवढ्या ताकदीच्या गाडीला २०डब्ल्यू-५०च पाहिजे, पाण्यासारखं ऑइल घालशील तर इंजिन बसेल." पुण्यातला मित्र म्हणतो, हल्ली सगळीकडे ०डब्ल्यू-२० घालतात, पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही सुधारतं. ऑइलच्या दुकानात गेलो तर त्यांनी १०डब्ल्यू-६० चा डबा पुढे केला, म्हणे बीएमडब्ल्यू एममध्ये हेच जातं. मिस्त्रींचं मन मोडवत नाही आणि इंजिनही मोडायचं नाहीये. काय घालू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी उत्तर घ्या, कारणं नंतर वाचा. ५डब्ल्यू-४०, फुल सिंथेटिक, आणि डब्याच्या मागच्या बाजूला 'व्हीडब्ल्यू ५०२ ००' ही मंजुरी, म्हणजे स्कोडा ज्या समूहातली आहे त्या फोक्सवॅगनची, छापलेली असली पाहिजे. याच मंजुरीचं ०डब्ल्यू-४० मिळालं तरी बिनधास्त घाला. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये इंजिन ऑइलच्या पानावर हा आकडा सापडेल, तो स्वतः बघून घ्या. मला विचाराल तर डब्यावरच्या मोठ्या अक्षरांतल्या ग्रेडपेक्षा मागच्या बारीक अक्षरांतली ही ओळ जास्त मोलाची आहे.

आता मिस्त्री. त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. ॲम्बेसेडर, पद्मिनी आणि जुन्या जीप ज्या हातांनी उघडल्या, त्या हातांना २०डब्ल्यू-५० गुणाचं वाटणारच. त्या इंजिनांत बेअरिंगच्या फटी मोठ्या होत्या, रिंगा झिजल्या की ऑइल जळायचं, टॅपेट वाजायचे. दाट ऑइल घातलं की आवाज दबायचा, प्रेशरचा काटा वर यायचा आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. चूक फक्त 'आपल्याकडचं ऊन' या शब्दांत आहे. चंद्रपुरात मे महिन्यात ४६ अंश असोत की महाबळेश्वरला जानेवारीत १२, इंजिन एकदा तापलं की थर्मोस्टॅट कूलंटला नव्वदीच्या पुढे-मागे धरून ठेवतो. तुमच्या इंजिनात ऑइलची उष्णता काढायला कूलंटवरच चालणारा कूलर आहे, त्यामुळे सरळ हायवेवर ऑइलही शंभरच्या आसपास स्थिरावतं. बाहेरच्या उन्हानं त्यात थोडाफार फरक पडतो, पण ग्रेड बदलावी इतका नाही. ऑइल खऱ्या अर्थानं तापतं ते तुमच्या उजव्या पायानं.

ग्रेड लिहिण्याची ही पद्धत अमेरिकेतल्या एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेची. तिचं ऑइलच्या दाटपणाचं पहिलं वर्गीकरण १९११ चं आहे. त्यातला डब्ल्यूच्या अलीकडचा आकडा फक्त थंडीतल्या वागण्याचा. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. पलीकडचा आकडा १०० अंशांवरचा. तिथे ऑइल किती सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक) भरतं ते मोजतात : २० ग्रेड म्हणजे ९.३ च्या आत, ३० म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९.

कोल्हापुरात उणे तापमान कुठून येणार, मग पहिल्या आकड्याची काळजी का करायची, असं तुमच्या मनात येईल. कारण इंजिनाच्या दृष्टीनं डिसेंबरातली १५-२० अंशांची सकाळसुद्धा थंडच असते. त्या तापमानाला नेहमीचं २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-४० पेक्षा दुपटीहून जास्त दाट असतं. गार काकवी नळीतून ढकलायला जोर जास्त लागतो आणि पलीकडे पडते थोडीच, तसलाच प्रकार. प्रेशर वाढलेलं दिसतं, पण म्हणून ऑइल जास्त पोचलं असं होत नाही. प्रेशर हद्दीबाहेर गेलं की ऑइल जिथे हवं तिथे न जाता पंपाकडूनच माघारी वळतं. जुन्या इंजिनात हे खपून जायचं. तुमच्या इंजिनात कॅमचं टायमिंग ऑइलच्या दाबावर पुढे-मागे होतं, टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलवर चालतो, ऑइल पंप गरजेप्रमाणे कमी-जास्त दाब देतो आणि टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे ऑइलच्या पातळ थरावर तरंगत मारतो. हे सगळं ठरावीक दाटपणा गृहीत धरून बनवलेलं आहे.

शिवाय आपल्या बाजारात २०डब्ल्यू-५० नावानं जे मिळतं ते बहुतेक साधं मिनरल ऑइल असतं. गोव्याहून येताना आंबोलीचा घाट जोरात चढलात आणि वर धबधब्यापाशी लगेच गाडी बंद केलीत, की टर्बोच्या बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल जागच्या जागी भाजतं. मिनरल ऑइलची तिथे काळी खरपुडी जमते. सिंथेटिक त्या मानानं पुष्कळ सोसतं. तरीही घाट चढून आल्यावर शेवटचे दोन किलोमीटर आरामात चालवा, मगच चावी फिरवा.

मित्राचं ०डब्ल्यू-२० हे ऑइल म्हणून वाईट नाही, गाडी चुकली आहे. फोक्सवॅगन समूहाची त्या ग्रेडची मंजुरी ५०८ ००. ती ज्या इंजिनांसाठी दिली तीही त्याच हिशेबानं तयार झालेली आहेत, आणि जुन्या इंजिनांत ते ऑइल घालायला कंपनीच मना करते. त्याचा ॲव्हरेजचा दावा खरा आहे, पण फरक असतो टक्क्या-दोन टक्क्यांचा. रिमॅप केलेल्या व्हीआरएसमध्ये पेट्रोल वाचवायला निघालेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

इथे एक आकडा सांगायलाच हवा, तो डब्याच्या पुढच्या बाजूला कधीच नसतो. त्याला एचटीएचएस म्हणतात. १५० अंश तापमानाला, दोन धातूंच्या मधल्या अगदी बारीक फटीत जोरात रगडताना ऑइलचा दाटपणा किती टिकतो, त्याचं हे माप. क्रँकच्या बेअरिंगमध्ये प्रत्यक्षात हेच चाललेलं असतं. २० ग्रेडला हे माप किमान २.६ लागतं, ३० ला किमान २.९, आणि ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५. तुमच्या ५०२ ०० मंजुरीची अटही ३.५ चीच. गंमत अशी की फोक्सवॅगनची ५०४ ०० मंजुरी असलेलं ५डब्ल्यू-३० सुद्धा ३.५ च्या वरच असतं, आणि शेजारच्याच फळीवरचं, जपानी-कोरियन गाड्यांसाठीचं ५डब्ल्यू-३० तीनच्या आसपास असू शकतं. दोन्ही डब्यांवर ग्रेड एकच, पण बेअरिंगला मिळणारं संरक्षण वेगळं. मंजुरीची ओळ वाचा म्हणतो ते यासाठी.

ती ओळ वाचतानाही डोळे उघडे ठेवा. 'ॲप्रूव्हल' असं लिहिलं असेल तर कंपनीनं ते ऑइल तपासून पास केलेलं आहे. 'मीट्स', 'सूटेबल फॉर', 'रेकमेंडेड फॉर' असं असेल तर तो ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा. ब्रँडवरून भांडत बसू नका. कॅस्ट्रॉल, शेल, मोबिल, मोटुल, लिक्वी मोली या सगळ्यांकडे ५०२ ०० चं ऑइल आहे. त्याच डब्यावर 'एपीआय एसपी' (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा दर्जा) असेल तर आणखी चांगलं. २०२० साली आलेल्या या दर्जात टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांतल्या एका विशिष्ट ठोक्याची चाचणी आहे. कमी आरपीएमवर जास्त लोड आला की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला तडा जाऊ शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या ॲडिटिव्हचा त्याच्याशी संबंध सापडला, म्हणून नव्या ऑइलांत त्याचं प्रमाण घटवून मॅग्नेशियम वाढवतात. तुमच्या गाडीत हा धोका रिमॅपमुळे जास्तच, कारण खालच्या आरपीएमवरच टॉर्क धबाधबा येतो. घाटात गिअरबॉक्स 'डी' मध्ये ठेवून पाचव्या-सहाव्या गिअरवर पाय दाबत बसू नका. 'एस' मध्ये टाका किंवा पॅडलनं एक-दोन गिअर उतरवा, इंजिनाला मोकळं फिरू द्या.

दुकानदाराचा डबा अगदी थोडक्यात. बीएमडब्ल्यूनं ई४६ एम३ च्या एस५४ इंजिनाला आणि त्यापुढच्या एस६५, एस८५ ला १०डब्ल्यू-६० सांगितलं होतं हे खरं आहे. ती टर्बो नसलेली, आठ हजार आरपीएमच्या घरात फिरणारी इंजिनं होती. पुढे टर्बोवाल्या एस५५ ला त्याच कंपनीनं ३० ग्रेड दिली. 'परफॉर्मन्स गाडी म्हणजे जाड ऑइल' असा सरसकट नियमच नाही. निस्सान जीटी-आर सारखी गाडी ०डब्ल्यू-४० वर धावते.

वापर बदलला की ग्रेड बदलते याचं माझं आवडतं उदाहरण फोर्डचं आहे. मस्टँग जीटीच्या पाच लिटर व्ही८ ला अमेरिकेत रस्त्यावरच्या वापरासाठी ५डब्ल्यू-२० सांगितलेलं होतं. त्याच इंजिनाची ट्रॅकसाठी तयार केलेली बॉस ३०२ आली २०१२ मध्ये, आणि तिला ५डब्ल्यू-५०. ट्रॅक पॅकेज घेतलेल्या जीटीलाही तेच. मूळ इंजिन तेच, हवामान तेच. बदललं ते ऑइलचं तापमान.

आणि हेच तुम्हाला स्वतःच्या गाडीत बघता येतं. स्टिअरिंगवरच्या बटणांनी मीटरमधल्या डिस्प्लेवर ऑइल टेंपरेचरचं पान लावा. ५० अंशांखाली तिथे आकडा येत नाही, नुसत्या रेघा दिसतात. एक आठवडा ते पान तसंच राहू द्या. कूलंटचा काटा ९० वर येऊन गप्प बसतो तेव्हा ऑइल अजून पन्नास-साठातच असतं, हे दिसल्यावर सकाळी सकाळी पाय दाबायची इच्छा आपोआप जाईल. ऑइल ८० ला पोचेपर्यंत टर्बोला हाक मारू नका.

आता तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट : रोजचे चार किलोमीटर. या अंतरात तुमचं ऑइल बहुधा कधीच पुरतं तापत नसेल. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये गार इंजिनात पेट्रोलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीला लागून रिंगांच्या कडेनं खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात, उतरतो. ऑइल तापलं तर तो उडून जातो, नाही तापलं तर साचत राहतो. ऑइलमध्ये काही टक्के पेट्रोल मिसळलं की ४० ग्रेडचं ऑइल ३० सारखं वागायला लागतं. म्हणजे मिस्त्री ज्या पातळ ऑइलला घाबरतात ते दुकानातून येत नाही, तुमच्या घर ते ऑफिसच्या रस्त्यावर तयार होतं, आणि डब्यावरचा आकडा वाढवून ते थांबत नाही. सकाळी सपाट जागेवर डिपस्टिक काढा, फडक्यानं पुसून पुन्हा घाला, काढून नाकाशी धरा. पेट्रोलचा उग्र वास येतोय का? ऑइल भरल्या दिवशीच्या खुणेपेक्षा पातळी वर चढलीय का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर किलोमीटर मोजत बसू नका, ऑइल बदलून टाका.

पंधरवड्यातून एकदा हायवेला कागलच्या पुढे निपाणीपर्यंत जाऊन या. अर्धा-पाऊण तास ऑइल शंभरीच्या आसपास राहिलं की बरंचसं पेट्रोल आणि पाणी उडून जातं. कंपनी १५ हजार किलोमीटर किंवा वर्ष सांगते. तुम्ही साडेसात हजार धरा, आणि तेवढं रनिंग होत नसेल तर आठ महिने. ग्रेडवर जितकी डोकेफोड केलीत तिचा अर्धा वेळ या वेळापत्रकाला दिलात तर इंजिन जास्त आनंदात राहील.

दर हजार किलोमीटरला पातळी बघायची सवय मात्र ठेवा. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल खाणं स्कोडाच्या लेखी चालण्यासारखं आहे. डिपस्टिकच्या खालच्या आणि वरच्या खुणेतलं अंतर साधारण लिटरभराचं असतं. म्हणजे दिवा लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असेल.

कारीला जायचं तर खुशाल जा. २.१ किलोमीटरचा आटोपशीर ट्रॅक आहे, वळणं लागोपाठ येतात, त्यामुळे गाडीला थंड व्हायला उसंत कमी मिळते. जायच्या आधी ताजं ५डब्ल्यू-४० भरा आणि पातळी वरच्या खुणेला टेकलेली ठेवा, त्याच्या वर नको. लांब वळणात ऑइल चेंबरच्या एका बाजूला धावतं, पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. ट्रॅकवर नजर पुन्हा त्याच डिस्प्लेवर. साधारण १२५ अंशांना तुमचं ५डब्ल्यू-४० हे शंभर अंशांवरच्या ०डब्ल्यू-२० इतकं पातळ झालेलं असतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. १३० दिसलं की वेग सोडा, एक-दोन लॅप सावकाश मारून पिटमध्ये या आणि बॉनेट उघडून गाडी उभी करा. परत आल्यावर ऑइल पुन्हा बदला. खर्च होतो, पण ट्रॅक डे हा स्वस्तातला छंद कधीच नव्हता.

वर्षातून सात-आठदा ट्रॅकवर जायला लागलात आणि दर वेळी १३० ओलांडत असेल, तर आधी मोठा ऑइल कूलर बसवा आणि त्यानंतर ५डब्ल्यू-५० चा विचार करा. उलट क्रमानं नको. 'रेसिंग' लिहिलेली महागडी ऑइलं रोजच्या गाडीत घालू नका. त्यांतल्या बहुतेकांना कार कंपनीची मंजुरी नसते, आणि ती दर शर्यतीनंतर फेकून द्यायच्या हिशेबानं बनवलेली असतात. वरून ओतायच्या ॲडिटिव्हच्या बाटल्यांना तर हातच लावू नका. जाता जाता : ट्रॅकवर पहिल्यांदा जाणाऱ्यांना ऑइलपेक्षा ब्रेक ऑइल आधी दगा देतं. तेही ताजं भरून जा.

राहिला मिस्त्रींचा प्रश्न. डबे तुम्ही स्वतः अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या आणि काम मिस्त्रींकडूनच करून घ्या. या इंजिनात साडेपाच लिटरच्या थोडं वर ऑइल जातं, तेव्हा पाच लिटरचा एक आणि एक लिटरचा एक असे डबे लागतील. फिल्टर वरच आहे, बॉनेट उघडलं की हाताशी. ऑइल गरम असताना सोडायला सांगा, ड्रेन प्लगची सील नवी टाकायला लावा, आणि भरताना पाच लिटरला थांबून मग डिपस्टिक बघत बघत वरचं ओतायला सांगा. डब्याचं सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. काम झाल्यावर रिकाम्या डब्यांना स्क्रूड्रायव्हरनं भोकं पाडून टाका किंवा डबे घरी घेऊन जा. चांगल्या ब्रँडचा धड रिकामा डबा भंगारवाल्याकडून पुढे जातो आणि डुप्लिकेट ऑइल भरून कुणाच्या तरी गाडीत परत येतो. ऑइलचा हा धंदा आपल्याकडे जुना आहे, आणि पाच हजारांचं ऑइल दोन हजारांत देणारा माणूस त्यातलाच असतो.

मिस्त्रींना तोंडी पटवत बसू नका, मॅन्युअलचं ते पान उघडून त्यांच्या हातात द्या. त्यांना पानावरचा आकडा कळतो. आणि आणलेलं ऑइल उघडायच्या आधी डब्याची मागची बाजू त्यांनाच वाचायला द्या.

एक वेगळी आठवण. तुमच्या गाडीचा सहा गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ओल्या, म्हणजे ऑइलात बुडालेल्या क्लचचा आहे. त्याचं ऑइल निराळं, फिल्टर निराळा, आणि दोन्ही ६० हजारांना बदलावे लागतात. इंजिन ऑइल त्याला चालत नाही आणि त्याचं इंजिनाला चालत नाही. ते काम तापमान बघून पातळी लावायचं असल्यानं कॉम्प्युटर असलेल्या वर्कशॉपमध्येच करा. तुमचं रनिंग ५२ हजार झालंय, तेव्हा कोइमतूरला जाऊन आल्यावर पहिली भेट तिथलीच ठरवा. आधीच्या मालकाकडे सर्व्हिसची बिलं असतील तर आत्ताच मागून घ्या, म्हणजे ते ऑइल याआधी कधी बदललं होतं का तेही कळेल.